पिशवी काढायच्या आधी दुखण्याचं नाव विचार

पत्र: "ताई, माझं वय ३३. नाशिकच्या अंबडला एका कंपनीत असेंब्ली लाइनवर आहे, सिडकोत राहते. मुलगा आठ वर्षांचा, तेव्हा सिझर झालेलं. चार वर्षांपासून ओटीपोटात दुखतंय. आधी फक्त पाळीत दुखायचं, आता महिन्यातले वीस दिवस. कंबर, जांघा, माकडहाड सगळंच. संबंधाच्या वेळी एवढं दुखतं की मी काहीतरी कारण काढून टाळते, मिस्टर समजूतदार आहेत पण हल्ली तेही गप्प असतात. तीन सोनोग्राफ्या नॉर्मल. एक मॅडम म्हणाल्या टेन्शन घेऊ नका. दुसरे डॉक्टर म्हणाले एक मूल झालंय ना, पिशवी काढून टाकू, मोकळ्या व्हाल. सासूबाईंची ३६ व्या वर्षी काढलीये, त्या म्हणतात माझ्याकडे बघ, कशी ठणठणीत आहे. पुढच्या महिन्यातली तारीख देतायत. दुसऱ्या मुलाचं आमचं अजून ठरलेलं नाही. यासाठी वेगळे डॉक्टर असतात का? नाशकात मिळतील की मुंबईलाच जावं लागेल? आणि अजून एक, आतून तपासताना दुखलं तर थांबा म्हटलं तर चालतं का? – सिडकोतली एक"

अगं, सगळ्यात आधी ती तारीख पुढे ढकल. कायमची कॅन्सल कर असं नाही म्हणत, फक्त पुढे ढकल. तू जे लिहिलंयस त्यात पुढच्याच महिन्यात ऑपरेशन झालं पाहिजे असं घाईचं मला काही दिसत नाही, आणि काढलेली पिशवी परत बसवता येत नाही. घाई कधी करायची तेही सांगून ठेवते. पाळी चुकलीये आणि अचानक एका बाजूला जोरात कळ आली, चक्कर येतेय, तर त्याच तासाला हॉस्पिटल. दुखण्याबरोबर थंडी-ताप आला, घाण वासाचं पाणी जायला लागलं, तर त्याच दिवशी. संबंधानंतर रक्त जाणं, लघवीतून किंवा संडासवाटे रक्त, काही न करता वजन उतरणं, पोटात गाठ हाताला लागणं, यातलं काहीही असेल तर त्याच आठवड्यात दाखवायचं, पुढची पाळी होऊ दे मग बघू असं करायचं नाही. यातलं काहीच नसेल तर तुझ्याकडे वेळ आहे आणि तो वेळ तू दुखण्याचं नाव शोधण्यात घालवायचास.

हो, नाव. तुझ्या अख्ख्या पत्रात मला तेच कुठे सापडलं नाही. कुणीही तुला सांगितलं नाही की बाई तुला अमुक झालंय. एकाने टेन्शन सांगितलं, दुसऱ्याने डायरेक्ट ऑपरेशन, मधली पायरीच गायब. मी २६ वर्षं सिस्टर होते, त्यातली बरीच गायनॅक वॉर्डात गेली, आणि ही मधली पायरी गाळल्यामुळे बायकांचे काय हाल होतात ते मी जवळून बघितलंय. घरातही बघितलंय. माझ्या धाकट्या बहिणीची पिशवी ३४ व्या वर्षी काढली, कुठे ते नाही सांगत, त्याने आता काही होणार नाही. पाळी गेली पण दुखणं गेलं नाही. संडासच्या वेळी आतून सुरी फिरवल्यासारखं दुखायचं, ते तसंच राहिलं. चार वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरांनी एमआरआय नीट बघितला तेव्हा कळलं की एंडोमेट्रिओसिस होता, म्हणजे पिशवीच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढलेला, पिशवीच्या मागे, आतड्याला चिकटलेला. जे दुखत होतं ते पिशवीत नव्हतंच. मी स्वतः नर्स, मी तिच्यासोबत त्या ओपीडीत बसलेले, आणि मी एकदाही विचारलं नाही की का काढताय. त्याचं मला आजही वाईट वाटतं, म्हणून तुला एवढं सविस्तर लिहितेय.

सोनोग्राफी नॉर्मल म्हणजे काय ते आधी समजून घे. साध्या सोनोग्राफीत पिशवी, अंडाशय, मोठ्या गाठी, पाणी हे दिसतं. एंडोमेट्रिओसिसचे बारीक ठिपके दिसत नाहीत, चिकटलेलं आतडं सहसा दिसत नाही, आखडलेले स्नायू दिसत नाहीत, टाक्यात अडकलेली शीर दिसत नाही. त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल याचा अर्थ एवढाच की या मशीनला जे दिसू शकतं त्यात काही नाही. दुखणं खोटं आहे असा अर्थ त्यातून निघत नाही, आणि तसा कुणी काढला तर तू मनावर घेऊ नकोस.

एंडोमेट्रिओसिस म्हणजे पिशवीच्या आतल्या अस्तरासारखा थर पिशवीच्या बाहेर वाढणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने पाळीच्या वयातल्या साधारण दहातल्या एका बाईला हा असतो, आणि तो ओळखायलाच बायकांची कितीतरी वर्षं जातात कारण सगळे म्हणतात पाळीत दुखणारच. तुझं दुखणं आधी फक्त पाळीत होतं आणि मग पसरलं, संबंधाच्या वेळी दुखतं, हे वाचून माझ्या मनात पहिलं तेच आलं. पण मी डॉक्टर नाही आणि पत्रावरून निदान होत नसतं, तेव्हा तुला तेच झालंय असं धरून बसू नकोस, फक्त 'मला एंडोमेट्रिओसिस असू शकतो का' हे तोंडाने स्पष्ट विचार.

सासूबाईंचं म्हणशील तर त्या खोटं बोलत नाहीयेत. त्यांना पिशवीत फायब्रॉइडच्या गाठी असतील, खूप अंगावरून जात असेल, किंवा पिशवीची भिंतच सुजलेली असेल, त्याला ॲडेनोमायोसिस म्हणतात. अशा दुखण्यात पिशवी काढल्यावर खरंच बरं वाटतं. शांतपणे बसून विचार त्यांना, आई तुमची नक्की कशामुळे काढली, जुनी फाइल आहे का. पुष्कळ घरांत कुणालाच माहीत नसतं गं, नुसतं 'पिशवी खराब झाली होती' एवढंच. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांचं प्रकरण बाहेर आलं, तरण्या बायकांच्या पिशव्या काढलेल्या, विधिमंडळात गाजलं, नीलम गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. तेव्हा आपल्याकडच्या बायका म्हणायच्या ते तिकडे बीडला. मला नाही तसं वाटत, शहरातल्या एसी केबिनमध्ये बसूनही 'मूल झालंय ना, मग काय करायचंय ठेवून' हे वाक्य मी ऐकलेलं आहे. आणि ३३ व्या वर्षी पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंपण काढली तर दुसऱ्या दिवसापासून पाळी बंद झाल्याची सगळी लक्षणं सुरू, हाडं ठिसूळ व्हायचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो, मग वर्षानुवर्षं हार्मोनच्या गोळ्या. अंडाशयं ठेवली तरी ती थोडी लवकर थकतात. हे सगळं तुला कुणी सांगितलं होतं का तारीख देताना?

आता तुझा मुख्य प्रश्न, वेगळे डॉक्टर असतात का. आपल्याकडे पाटीवर 'ओटीपोटदुखी तज्ज्ञ' असं सहसा लिहिलेलं नसतं. कारण ओटीपोटात पिशवी आहे, लघवीची पिशवी आहे, आतडं आहे, खालून तोलून धरणारे स्नायू आहेत, शिरा आहेत, आणि सहा-सहा महिने, वर्ष-वर्ष चाललेल्या दुखण्यात बऱ्याचदा एकापेक्षा जास्त गोष्टी एकत्र असतात. बाहेरच्या काही देशांत हे सगळे एकाच क्लिनिकात बसतात. आपल्याला ती टीम आपणच जमवावी लागते, एक डॉक्टर मुख्य धरायची आणि बाकीच्यांचे कागद तिच्याकडे नेऊन एकत्र करायचे.

ही मुख्य डॉक्टर म्हणजे गायनॅकच, पण डिलिव्हरीची गर्दी असलेली नको, एंडोमेट्रिओसिसवर आणि दुर्बिणीच्या ऑपरेशनवर जिचा हात बसलाय अशी. फोन करूनच विचार की मॅडम किंवा सर एंडोमेट्रिओसिसचे पेशंट रेग्युलर बघतात का, आतड्यावर असेल तर सोबत दुसरे सर्जन असतात का. रिसेप्शनवरच्या मुलीला उत्तर देता आलं नाही तरी निरोप जातो. ती डॉक्टर खालून करायची सोनोग्राफी बारकाईने करेल किंवा एमआरआय सांगेल. एमआरआय सांगितला तर चिठ्ठीवर 'एंडोमेट्रिओसिस शोधण्यासाठी' असं लिहून घे, नुसतं पोटदुखी लिहिलं की बघणाऱ्याचं त्या जागेकडे लक्ष जात नाही. पूर्वी दुर्बीण टाकून बघितल्याशिवाय एंडोमेट्रिओसिस म्हणायचंच नाही असं होतं. २०२२ च्या युरोपियन मार्गदर्शक सूचनांपासून ते बदललंय, लक्षणं आणि तपासणी जुळली तर आधी औषध देऊन बघता येतं. त्यामुळे 'एकदा उघडून बघू' हाच एक रस्ता राहिलेला नाही, आणि दुर्बीण टाकूनही कितीतरी जणींच्या पोटात काहीच सापडत नाही हेही आधीच माहीत असू दे, नाहीतर मग फार खचायला होतं.

तुझं सिझर झालंय ना, तर एक गोष्ट घरी बघ. उताणी झोप, जिथे जास्तीत जास्त दुखतं तिथे बोट ठेवून दाब, आणि तसंच दाबून धरून डोकं नि खांदे उचल. दुखणं वाढलं तर ते पोटाच्या आतलं नसून वरच्या भिंतीतलं असायची शक्यता जास्त. टाक्याच्या टोकाला शीर अडकलेली असते किंवा टाक्यातच एंडोमेट्रिओसिसची गाठ असते, ती तर पाळीत फुगते आणि हाताला लागते. शीर असेल तर कधीकधी त्या एका जागी भूल देणारं इंजेक्शन दिलं की बाई उठून उभी राहते आणि म्हणते दुखत नाहीये. मी पाहिलंय हे, वर्षभर पोटाच्या गोळ्या खाल्लेल्या बाईचं. डॉक्टरांना सांग की मी असं करून बघितलं, तुम्हीपण बघा.

लघवीचंही लिही. लघवी साठली की दुखतं आणि करून आलं की बरं वाटतं, दिवसरात्र फेऱ्या, आणि लघवीतले जंतू बघायची कल्चरची तपासणी मात्र दर वेळी स्वच्छ, असं असेल तर यूरोलॉजिस्टला, म्हणजे लघवीच्या विकारांच्या डॉक्टरांना दाखवायचं, ते मूत्राशयाचं दुखणं असू शकतं आणि त्यावर अँटिबायोटिकचे कोर्सवर कोर्स खाऊन उपयोग नसतो. लाइनवर काम करणाऱ्या बायका पाणीच पीत नाहीत हे मला माहितीये, रिलीव्हर मिळाल्याशिवाय जागा सोडता येत नाही, आणि सुटल्यावर टॉयलेटची ती अवस्था. पण लघवी दाबून धरायची सवय नि बद्धकोष्ठ दोन्हींनी ओटीपोट अजून आखडतं. पोट फुगणं, कधी जुलाब कधी कडक, संडासला जाऊन आलं की दुखणं कमी-जास्त होणं, असं असेल तर पोटविकारवाल्यांना एकदा दाखव.

आता जे बहुतेकींना कुणी सांगतच नाही. फिजिओथेरपी. गुडघ्याची करतात ती नाही, खालच्या स्नायूंची. माकडहाडापासून पुढच्या हाडापर्यंत आत एक स्नायूंची झोळी असते, तिच्यावर सगळं तोललेलं असतं. खूप दिवस दुखत राहिलं की आपण दात आवळतो ना, तशी ती झोळी सतत आवळलेली राहते, आणि मग मूळ कारण बरं झालं तरी स्नायूंचं स्वतःचंच दुखणं चालू राहतं. माकडहाड, जांघा, संबंधाच्या वेळी दुखणं, हे तू लिहिलेलं बरंचसं यात बसतं. यासाठी स्त्रियांच्या आरोग्यात मास्टर्स केलेल्या फिजिओ असतात, त्यांना विचारायचं की पेल्विक फ्लोअरचं काम करता का. एक सावधगिरी, मोबाइलवर बघून कीगलचे व्यायाम सुरू करू नकोस. कीगल म्हणजे आवळायचा व्यायाम, आणि तुझे स्नायू आधीच आवळलेले असतील तर दुखणं वाढेल. तुला उलटं शिकायचंय, सोडायचं. फिजिओ भेटेपर्यंत एवढं कर: रात्री पाठीवर पडून गुडघे वाकव, हात पोटावर, नाकाने सावकाश श्वास घे की पोट वर येईल, आणि श्वास घेताना खालचा भाग ढिला पडतोय असं जाणवू दे, संडासला बसल्यावर सोडतो तसं पण जोर न लावता. दहा मिनिटं. पहिल्या आठवड्यात काही वाटणार नाही, चालेल.

आणि मग पेन क्लिनिक. हे बहुतेक भूलतज्ज्ञच असतात ज्यांनी पुढे दुखण्याचं शिक्षण घेतलेलं असतं. लोकांना वाटतं तिथे फक्त कॅन्सरवाले जातात. तसं नाही. गॅस बंद केला तरी तवा तापलेला राहतो ना, तसं वर्षानुवर्षं दुखलं की शिरा आणि मेंदू तापून राहतात, मग साधा स्पर्श, पोट भरणं, साडी घट्ट बसणं हेही दुखणं म्हणूनच वर पोचतं. हे शरीरात खरंच घडतं, मनाचे खेळ नाहीत. त्यावर अमिट्रिप्टिलिनसारखं औषध रात्री अगदी कमी डोसमध्ये देतात. मेडिकलवाला सांगेल हे डिप्रेशनचं आहे, घाबरू नकोस, एवढ्या कमी डोसला ते शिरांसाठीच असतं, तोंड कोरडं पडतं, सकाळी सुस्ती येते, तेव्हा मशीनवरची ड्युटी आहे हे डॉक्टरांना आधी सांग. शिरांच्या दुखण्याचं गॅबापेंटिनपण फार लिहितात हल्ली, पण २०२० मध्ये ब्रिटनमध्ये तीनशेच्या वर बायकांवर नीट अभ्यास झाला, ज्यांच्या दुर्बिणीत काही सापडलं नव्हतं अशा, त्यात ते नुसत्या बिनऔषधी गोळीपेक्षा सरस ठरलं नाही आणि चक्कर-सुस्ती मात्र जास्त. कुणी लिहिलं तर कशासाठी देताय एवढं विचार. याशिवाय माकडहाडाजवळच्या किंवा ओटीपोटाच्या शिरांना इंजेक्शनने ब्लॉक देतात, ते प्रत्येकीला लागत नाही पण पिशवी काढण्यापेक्षा ते नक्कीच लहान आहे.

एक आजार आपल्याकडे विसरून चालत नाही, पिशवीचा आणि नळ्यांचा टीबी. घरात कुणाला झाला असेल तर आवर्जून सांग. पण उलटही होतं, टीबीच्या जंतूचा अंश शोधणाऱ्या एका पीसीआर रिपोर्टवर सहा महिन्यांच्या टीबीच्या गोळ्या चालू. बाकी काही जुळत नसताना असं झालं तर दुसरं मत घे.

गोळ्यांचं तू काही लिहिलं नाहीस पण खात असशीलच, सगळ्याच खातात. मेफेनॅमिक ॲसिडवाली गोळी रोज रिकाम्या पोटी चहाबरोबर हे बंद. पोटाला, किडनीला त्रास होऊ शकतो, शिवाय २०२३ च्या शेवटी इंडियन फार्माकोपिया कमिशन या औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने त्याच्या एका गंभीर ॲलर्जीबद्दल सूचना काढली होती, गोळी खाऊन काही दिवसांनी ताप, पुरळ, ग्रंथी सुजणं असं दिसलं तर लगेच डॉक्टर. पाळीच्या दोन-तीन दिवसांत जेवून, डॉक्टरांनी सांगितली तेवढी, ठीक आहे. आणि गरम पाण्याची पिशवी जरूर घे पण मध्ये टॉवेल ठेव, मी कितीतरी जणींच्या पोटावर तपकिरी जाळी उमटलेली बघितलीये, तो सततच्या शेकाने कातडीवर पडलेला डाग असतो.

एंडोमेट्रिओसिसचा संशय पक्का झाला तर हार्मोनच्या गोळ्या सांगतील, साध्या गर्भनिरोधक किंवा डायनोजेस्ट २ मिलिग्रॅम रोज एक. पहिले काही महिने मधेमधे डाग लागतात आणि बायका घाबरून सोडून देतात, तसं करू नकोस, पण मूड फार खाली गेला, रडू यायला लागलं तर मात्र कळव. तिसरा पर्याय पिशवीत बसवायच्या हार्मोनच्या कॉपर-टीसारख्या साधनाचा. दुसरं मूल हवंय का हे आधी तुम्ही दोघांनी बोला, कारण या औषधांवर असताना सहसा दिवस राहत नाहीत, बंद केली की पुन्हा प्रयत्न करता येतो. म्हणजे बघ, निर्णय पुढे ढकलायला औषध मदत करतं, ऑपरेशन तो कायमचा संपवतं.

नाशकात कुठे, तर सुरुवात इथेच होते. अंबडला आहेस आणि पगार २१,००० च्या आत असेल तर ईएसआय, म्हणजे कामगार विमा, कापला जात असणार, पगाराची स्लिप बघ. सातपूरचं कामगार विम्याचं हॉस्पिटल तुझंच आहे, तिथे नसलेल्या तज्ज्ञाकडे ते पाठवतात, फक्त चिठ्ठी मागावी लागते आणि ती मागायला लाजायचं नाही. शिवाय आजारपणाच्या रजेचे पैसे मिळतात, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के, ठरावीक दिवस वर्गणी भरलेली असेल तर. बायका बिनपगारी सुट्टी टाकतात आणि हे त्यांना माहीतच नसतं. ईएसआय नसेल तर त्र्यंबक रोडचं सिव्हिल, नाहीतर आडगावचं मेडिकल कॉलेज, तिथे गायनॅक, सर्जरी, भूलशास्त्र, मानसोपचार सगळे एका आवारात मिळतात आणि एका फाइलवर सगळ्यांची मतं जमतात, सिडकोतून लांब पडतं पण एकदा सिटीलिंकच्या बसने जाऊन सकाळी लवकर केसपेपर काढलास की दिवस सत्कारणी लागतो. ऑपरेशन लागलंच तर सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत ते बसतं का हे योजनेतल्या हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला, म्हणजे तिथे मदतीला बसवलेल्या माणसाला, ॲडमिट व्हायच्या आधी विचारायचं, नंतर नाही.

मुंबई कधी, तर एमआरआयमध्ये आतड्यावर किंवा मूत्रनलिकेवर एंडोमेट्रिओसिस दिसला तर. ते ऑपरेशन रोज करणाऱ्या हातांकडेच करावं. किंवा इथे सहा महिने मनापासून उपचार करून काहीच फरक नसेल तर. केईएम, नायर, सायन, जेजे ही सगळी कॉलेजची हॉस्पिटलं आहेत, पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी निघालं तर ओपीडी सापडते, पण आधी चौकशी करून कोणत्या वारी कोणतं युनिट ते विचारून जा, नाहीतर फेरी फुकट जाते.

जाताना रिकाम्या हाताने जाऊ नकोस. भिंतीवर कालनिर्णय असेल ना, आजपासून त्यावर रोज शून्य ते दहा एक आकडा लिही, शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे उभं राहवत नाही. पाळीच्या दिवसांना गोल. गोळी घेतली तर ग, संबंधाच्या वेळी दुखलं तर स, संडासच्या वेळी दुखलं तर श. सासूबाईंना कळायचं कारण नाही. दोन महिन्यांनी त्या दोन पानांचा फोटो काढ, डॉक्टर दहा मिनिटांत जेवढं विचारू शकत नाहीत तेवढं त्यांना त्यात दिसतं. आणि एका कागदावर दुखणं कधी सुरू झालं, काय काय औषधं झाली, कशाने थोडं बरं वाटलं, आणि सगळ्यात वर 'माझं दुखणं कशामुळे आहे असं तुम्हाला वाटतं' हा प्रश्न. जुने रिपोर्ट दिले नाहीत असं व्हायला नको, कागद मागणं आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं हा तुझा हक्क आहे, महाराष्ट्रात २०२१ पासून नर्सिंग होमच्या नियमांतच रुग्णांच्या हक्कांची सनद घातलेली आहे.

टेन्शनवाल्या मॅडमचं काय करायचं? चार वर्षं दुखत असलेल्या माणसाला झोप नाही, चिडचिड, रडू, हे होणारच, दुखण्यामुळे टेन्शन येतं आणि टेन्शनने दुखणं अजून वाढतं, दोन्ही खरं आहे. त्यामुळे टीममध्ये समुपदेशक असले तर नाही म्हणू नकोस, ते बाकीच्या उपचारांबरोबर हवेत, बाकीच्यांच्या ऐवजी नकोत. रात्री फारच अंधार वाटला, जगणं नको असं मनात आलं तर टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात.

आणि तुझे मिस्टर. हा परिच्छेद त्यांना वाचायला दे हवं तर. दादा, ती तुम्हाला टाळत नाहीये, ती दुखणं टाळतेय. ती दात आवळून सहन करते तेव्हा तिचे स्नायू शिकतात की जवळ येणं म्हणजे दुखणं, आणि पुढच्या वेळी आधीच आवळतात. म्हणून काही दिवस ती गोष्ट पूर्ण बाजूला ठेवा, जवळ झोपा, पाठ चोळून द्या, आणि त्यातून पुढे काही होणार नाही याची तिला खात्री असू द्या. डॉक्टरकडे सोबत जा, बाहेर गाडीवर थांबू नका, आत बसा. पुरुषांनाही खाली असंच वर्षानुवर्षं दुखतं, प्रोस्टेटचं म्हणून, आणि तेही कुणाला सांगत नाहीत, तेव्हा तुम्हाला स्वतःला काही असेल तर तेही बोला.

सगळं करून दोन डॉक्टरांनी नाव सांगून म्हटलं की पिशवी काढणंच बरोबर, तर काढ, मी तेव्हा तुझ्या बाजूने उभी असेन. फक्त अंडाशयं ठेवणार का, पिशवीबाहेर एंडोमेट्रिओसिस असेल तर तोही त्याच वेळी काढणार का, आणि दुखणं राहिलं तर पुढे काय, ही तीन उत्तरं सही करायच्या आधी घे.

राहिलं तुझं शेवटचं, पत्रात सगळ्यात बारीक अक्षरात लिहिलेलंस. हो, चालतं. 'थांबा' म्हणायचं, आणि हात तिथल्या तिथे थांबला पाहिजे. खरं तर आत शिरायच्या आधीच सांग की मला संबंधाच्या वेळी दुखतं, एकच बोट वापरा, स्पेक्युलम, म्हणजे आत बघायचं ते साधन, लहान घ्या, मी श्वास सोडला की मग करा, आणि नेमकं कुठे दुखतं ते मी सांगते, कारण ती जागा कळणं हीच तर तपासणी आहे. सोबत बाई हवी असेल तर सिस्टरला आत बोलवा म्हण. त्या दिवशी नको वाटलं तर पुढच्या वेळी करू म्हणता येतं. मी इतकी वर्षं त्या टेबलाच्या बाजूला बायकांचा हात धरून उभी होते, थांबा म्हटल्यावर कुठल्याच चांगल्या डॉक्टरला राग आलेला मी बघितला नाही. कालनिर्णयची दोन पानं भरली की फोटो मला पाठव.